तूबाखालाचं दार

अन्नाबक कुठे आहे, असं कुणी विचारलं की आमच्या गावात प्रत्येक जण वेगळं उत्तर देतो. माझे वडील सांगतात, इराणच्या पूर्वेला, बिरजंद शहरापासून गाडीने दोन तास, आणि पुढे गाडीवाल्याच्या मर्जीवर. हैबतअमू, म्हणजे हैबतकाका, सांगतो, डोंगराच्या खिशात हात घालून बघा. तूबाखाला म्हणते, "माझ्या तंदूरपासून चहूकडे शंभर पावलं. त्याच्यापुढे दुसऱ्यांचा मुलूख."

मला तिचंच उत्तर पटतं. शंभर पावलांत आमचं सगळं येतं. मातीच्या घुमटांची घरं, जमिनीखालून येऊन एका दगडी तोंडातून बाहेर पडणारं पाणी, त्या पाण्याशी वाकलेलं बोराचं म्हातारं झाड. आमच्याकडे बोराला अन्नाब म्हणतात, त्या झाडावरूनच गावाला नाव पडलं. केशराची शेतं तेवढी नजरेआड आहेत. पाणी टेकडीला वळसा घालून पलीकडच्या सपाटीवर उतरतं, म्हणून शेतं तिकडे.

तूबाखाला माझ्या आईची थोरली बहीण, पण सगळं गाव तिला खाला म्हणतं. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला हैबतअमूसुद्धा. तिच्या उजव्या भुवईला केस नाहीत. तीस वर्षं तंदूरमध्ये वाकून नान लावताना ते जळाले, आणि पुढे त्यांनी उगवायचा कंटाळा केला. त्यामुळे राग, हसू, संशय, सगळं तिला डाव्या भुवईवरच भागवावं लागतं.

सरपण कमी, म्हणून गावात आठवड्यातून तीन दिवस एकच तंदूर पेटतो, तो खालाचा. घराघरातून पीठ येतं आणि घराघरात नान परत जातात. तंदूरच्या खोलीतल्या भिंतीवर तिने प्रत्येक घराची कोळशाने एक ओळ आखली आहे, आणि ओळीत माणसागणिक एक रेघ. कुणी लग्न होऊन गेलं की ती ओल्या बोटाने रेघ पुसते. कुणी जन्माला आलं की अर्धी रेघ काढते, आणि बाळाला दात आले की ती पुरी करते. कुणाचा नवरा रुसून गेला, कुणाकडे पाहुणे आले, कोण अंथरुणाला खिळलं, हे गावाला कळायच्या आधी त्या भिंतीला कळतं.

अशा बाईच्या हातून आमचं गाव शून्य झालं, ही गोष्ट आम्ही अजून हसत हसतच सांगतो. पण ती समजायला आधी आमच्या दारांविषयी सांगायला हवं.

आमच्याकडे लाकूड सहज मिळत नाही, त्यामुळे दार ही मोठी वस्तू. मुलगी बघायला आलेले लोक मुलीच्या आधी दार बघून घेतात. गाव सोडून शहरात जाणारा माणूस भिंती ठेवून जातो, छप्पर ठेवून जातो, पण दार उचलून ट्रकवर चढवतो. खालच्या आळीत अशी सहा घरं तोंड उघडं टाकून उभी आहेत. त्यांत आता वारा राहतो आणि कबुतरं.

दाराला दोन फळ्या असतात. उजव्या फळीवर जाड लोखंडी दांडी, डाव्या फळीवर कडी. आलेला पुरुष असेल तर तो दांडी वाजवतो, तिचा आवाज धप्प येतो. बाई असेल तर ती कडी वाजवते, तिचा किणकिण. आतल्यांना न विचारताच कळतं, कुणी उठायचं ते. दांडी वाजली आणि घरात पुरुष नसला, तर घरातली बाई गप्प बसते. ओसुद्धा देत नाही. बाहेरचा काय ते समजतो आणि आपल्या वाटेने जातो. यात कुणाला वाईट वाटत नाही.

त्या वेळचा शिरगणतीवाला शहरातला मास्तर होता. त्याला हे ठाऊक नव्हतं.

तो आला शरदातल्या आबान महिन्यात, केशराच्या ऐन दिवसांत. केशराचं फूल उन्हाच्या आधी तोडावं लागतं. एकदा ऊन लागून ते उघडलं की आतल्या लाल काड्यांचा कस जातो. म्हणून त्या तीन आठवड्यांत पहाटेपासून अख्खं गाव, पाळण्यातल्या पोरांसकट, टेकडीपलीकडे असतं. घरांना कुलपं असतात. मागे राहते एकटी खाला, कारण परतणाऱ्यांना गरम नान हवे असतात.

मास्तराने तिच्या दाराची दांडी वाजवली. खाला परातीपुढे बसली होती, हात कोपरापर्यंत कणकेत. ती थांबली. दांडी पुन्हा वाजली, आणि पुन्हा, आणि पुन्हा. ती बसून राहिली, हात कणकेतच ठेवून, आवाज होऊ नये म्हणून. मग पावलं दुसऱ्या दाराशी गेली, तिसऱ्या दाराशी गेली, आणि गाडीचा आवाज दूर गेला. तिने पुन्हा पीठ मळायला घेतलं. दुपारी कुणाला सांगावं इतकंही ते तिला महत्त्वाचं वाटलं नाही.

पुढे कधीतरी तालुक्याहून छापील यादी आली. अन्नाबक. कुटुंबं, शून्य. माणसं, शून्य.

आम्ही पोट धरून हसलो. हैबतअमू म्हणाला, "सगळं गाव मेलं आणि कुणी मयताचा हलवासुद्धा वाटला नाही. काय कंजूष माणसं."

हसू आटलं ते रस्त्यामुळे. डांबरी सडकेपासून आमच्या गावापर्यंत चार किलोमीटर चिकणमाती आहे. थंडीत बर्फ वितळलं की तिच्यात गाढवही रुततं. हैबतअमू रस्त्याचा अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने यादी त्याच्यापुढे फिरवून धरली.

"अमू, कागदावर तुमच्या गावात माणूसच नाही. शून्य माणसांसाठी मी रस्ता कसा मागू?"

"मग मी कोण आहे?"

"तुम्ही अर्जदार."

पुढची गणती होईपर्यंत काही करता येणार नाही, असं त्याने सांगितलं. म्हणजे दहा वर्षं. अमू परत आला आणि बोराच्या झाडाखाली बसून त्याने सगळं जसंच्या तसं ऐकवलं. तेव्हा कुठे खाला हळूच म्हणाली, "दांडी वाजली होती. मी घरातच होते."

कुणी तिला बोललं नाही. कुणाचीही बायको तेच करती. पण थट्टा मात्र दहा वर्षं पुरली. परगावच्या पाहुण्याने वस्ती किती म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "खालाला विचारा. तिने दार उघडलं तर सांगेल." खाला सगळ्यांबरोबर हसायची. त्याच थंडीत ती प्रौढांच्या साक्षरता वर्गाला जाऊन बसली. आपल्याविषयी कागदावर काय लिहितात ते आपल्याला वाचता यायला हवं, एवढंच ती म्हणाली.

नऊ वर्षं गेली. दहाव्या थंडीत सफियाचे दिवस भरले आणि वाट बंद होती. तिला ट्रॅक्टरवर गादी घालून नेलं. चार किलोमीटरला तीन तास लागले. मूल वाटेतच झालं. दोघंही वाचली, आणि त्या मुलाला गाव अजून ट्रॅक्टरखान म्हणतं. पण सफियाला धरून मागे खाला बसली होती, आणि त्या तीन तासांविषयी ती कधी काही सांगत नाही. पुढच्या शरदात तिची सून माहलका गरोदर होती. दिवस भरणार होते ऐन थंडीत.

रेडिओवर गणतीची बातमी आली त्या संध्याकाळी आम्ही सगळे खालाच्याच घरी होतो.

"या खेपेला मी दार उघडणार," खाला म्हणाली.

तिचा नवरा बरातअली, मशहदची यात्रा करून आला म्हणून सगळे त्याला मश्दी म्हणतात, गालात साखरेचा खडा धरून चहा पीत होता. तो म्हणाला, "तू उघडशील गं. पण तो दांडी वाजवेल आणि तुझे पाय आपसूक जमिनीला चिकटतील. चौपन्न वर्षांची सवय आहे."

"नाही चिकटणार."

"परवा मीच दांडी वाजवली तर पाच मिनिटं उघडलं नाहीस."

"तुम्हाला ओळखून उघडलं नाही, मश्दी."

सगळे हसले. खाला मात्र नंतर बराच वेळ दाराकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेतातून परतलो तर तिच्या घराला दार नव्हतं. दोन्ही फळ्या काढून तिने मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, आणि ती रिकाम्या चौकटीत मांडी घालून सुक्या तुती निवडत बसली होती.

बरातअलीने केशराची टोपली खाली ठेवली. "तूबा, दार कुठे गेलं?"

"मागे आहे. दारच नसलं तर ते उघडायचं काय आणि न उघडायचं काय. वाजवायला दांडी नाही, चिकटायला पाय नाहीत."

"आणि थंडी?"

"थंडीला कधी दार अडवतं? मागच्या वर्षी आलीच होती की."

सफिया वाटेने जात होती. ती थांबून म्हणाली, "काय खाला, गाव सोडून निघालात? ट्रक कधी येतोय?"

"उद्या येतोय. तुझ्या सासूला बरोबर नेते."

"मग मी सामान बांधायला मदत करते," सफिया म्हणाली आणि पोर कडेवर सावरत निघून गेली.

बायका दोन दिवस त्यावर हसत होत्या. पण त्या हसण्यातून जे सुचायला हवं होतं ते आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही.

बिनदाराच्या घरात राहणं सोपं नसतं. रोज पहाटे बरातअली अंगावरची धूळ झटकत उठायचा आणि विचारायचा, "आपण घरात राहतो की रस्त्यावर? एकदा काय ते ठरव, म्हणजे मला कळेल चपला कुठे काढायच्या." चौथ्या दिवशी हैबतअमूची बकरी आत शिरली, कणकेची अर्धी परात तिने फस्त केली आणि गालिचाच्या मधोमध बसून राहिली. तेव्हा खालाने पुढच्या खोलीतलं सगळं सामान, गालिचे, गाद्या, चहाचा समोवार, पेटी, उचलून मागच्या खोलीत नेलं आणि मधल्या दारावर जुनी सतरंजी ताणून बांधली. पुढची खोली उघडी पडली. बकरी रोज येऊ लागली. तिला ती जागा आवडली होती.

गणतीवाला कोणत्या दिवशी येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. खाला रोज चौकटीत बसायची. टेकडीपलीकडे तिचा स्वतःचा केशराचा वाफा आम्ही आळीपाळीने खुडायचो. संध्याकाळी ती आमच्या टोपल्या बघायची, तिची डावी भुवई वर जायची, आणि ती म्हणायची, "छान. निम्मी फुलं देठासकट आणलीत. उद्या मुळांसकट आणा."

अकराव्या दिवशी फुलांचा पूर आला. दर वर्षी असा एक दिवस येतो. एका रात्रीत सगळी सपाटी जांभळी होते आणि कितीही हात असले तरी कमी पडतात. माहलकासुद्धा आली, वाकता येत नव्हतं म्हणून बांधावर बसून ती हाताला लागतील तेवढी फुलं खुडत होती. गावात खाला एकटी.

पुढचं तिने इतक्यांदा सांगितलं आहे की मी ते पाहिल्यासारखं सांगू शकते.

तंदूर तिने पहाटेच पेटवला होता. जाळ बसला होता, आत नुसते लाल निखारे होते, धूर नव्हता. पीठ काढलं तर रांजणात पाणी नाही. तिने रस्त्याकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. बोराच्या झाडापाशी जाऊन घडा भरून यायला पाव तास. ती गेली.

परत आली तेव्हा चौकटीशेजारच्या भिंतीवर निळ्या खडूची अक्षरं होती. तिने घडा खाली ठेवला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. मग पुन्हा वाचलं. लिहिलं होतं, "रिकामं. वस्ती नाही."

तेव्हा तिने आपलं घर पहिल्यांदा बाहेरून पाहिलं. दार नेलेलं. पुढची खोली ओकीबोकी. जमिनीवर बकरीच्या लेंड्या. खालच्या आळीतल्या सहा घरांत आणि तिच्या घरात काडीचा फरक नव्हता. शेजारपाजारच्या दारांना कुलपं. गणतीवाल्याच्या जागी ती असती तरी तिने हेच लिहिलं असतं.

उताराच्या टोकाला धुळीचा एक गोळा सडकेच्या दिशेने सरकत होता. तिने हाका मारल्या. इतक्या दुरून त्या कुणालाच ऐकू जाणार नव्हत्या. गुडघा धरलेली बाई, गाडीमागे धावणार कुठे. ती तंदूरच्या खोलीत शिरली आणि तिने ओल्या पेंढ्याचा भारा निखाऱ्यांवर टाकला. धूर निघाला, पण पांढरा, मवाळ. वाऱ्याने तो भिंतीशीच पसरून गेला.

कोपऱ्यात बरातअलीचे जुने रबरी बूट होते. चार वर्षांपूर्वी फाटले, त्याने नवे घेतले, आणि जुने दुरुस्त करायचे म्हणून तिथेच ठेवले होते. खाला बुटांकडे बघत उभी राहिली. आमच्याकडे नानचा तुकडा जमिनीवर पडला तर तो उचलून कपाळाला लावतात. तीस वर्षांत तिने त्या तंदूरमध्ये कांद्याचं सालसुद्धा जळू दिलं नव्हतं. तिने काठाला हात लावला, तोंडातल्या तोंडात माफी मागितली, आणि दोन्ही बूट आत टाकले.

पलीकडे शेतात माझी पाठ ताठ करायला मी उभी राहिले होते. टेकडीच्या वर एक काळा खांब सरळ आभाळात चढत होता.

"ते बघा," मी म्हणाले.

हैबतअमूने कपाळावर हात धरला. "खालाचं घर."

 सगळे धावले. टोपल्या हातातच होत्या, फुलं सांडत होती, टेकडीच्या पायवाटेवर जांभळी रेघ पडत गेली. बरातअली सगळ्यांच्या पुढे होता. साठीतला माणूस, दर जुम्म्याला पाठ दुखते म्हणून रडणारा, दगडांवरून बकरीसारखा उड्या मारत चालला होता आणि प्रत्येक उडीला "तूबा, तूबा" म्हणत होता. सगळ्यात मागे माहलका, कमरेवर हात ठेवून, आम्हाला ओरडत, "माझ्यासाठी कुणी थांबू नका, मीही कुणासाठी थांबणार नाही."

तिकडे गाडी सडकेला लागायच्या बेतात होती. चालकाने आरशात पाहिलं आणि वेग कमी केला. हे त्याने नंतर आमच्याकडे चहा पिताना सांगितलं. तो म्हणाला होता, "मास्तर, रिकाम्या गावाला आग कशी लागते हो?"

मास्तरांनी मागे वळून धूर पाहिला. मग म्हणाले, "वळव."

आम्ही पोचलो तेव्हा खाला अंगणात उभी होती, तोंड काजळासारखं काळं. बरातअलीने कुणाच्या तरी दारातली भरलेली बादली उचलली, काही न बघता रिती केली, आणि ते पाणी तंदूरवर न पडता खालावर पडलं. ती नखशिखांत भिजली.

"झाली विझवून?" ती म्हणाली. "आता सरळ उभे राहा सगळे. गणतीवाला येतोय."

"आग कुठे आहे?"

"तुमच्या बुटांना लागली होती, मश्दी."

तो आत डोकावला, वास घेतला आणि खरोखर दुःखी झाला. "मी ते दुरुस्त करणार होतो."

तेवढ्यात गाडी आली. मास्तर उतरले, हातात फळी, फळीवर कागद. केस पिकलेले, चष्मा जाड. समोर साठेक माणसं धापा टाकत उभी होती, हातात बादल्या, टोपल्या, एकाच्या हातात नुसतंच फावडं. मास्तरांनी भिंतीवरची आपली अक्षरं बघितली, मग आमच्याकडे बघितलं.

"हे सगळे कुठून आले?"

"जमिनीतून," हैबतअमू म्हणाला. "दहा वर्षांनी एकदा येतो."

मास्तर हसले नाहीत. ते खरंच गोंधळले होते. "मी मागच्या गणतीलाही इथे आलो होतो. तेव्हाही कुणी नव्हतं. पण तेव्हा निदान दारं तरी होती. या खेपेला पाहिलं तर तीही जायला लागली होती."

खाला पुढे आली. ओल्या ओढणीतून पाणी ठिबकत होतं. "तेव्हा दांडी तुम्ही वाजवली होती?"

"मीच. तीनदा."

"चारदा," खाला म्हणाली.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग ते चौकटीतच बसले आणि म्हणाले, "बाई, एक कप चहा मिळेल का? आणि मग पहिल्यापासून सुरू करू."

समोवार मागच्या खोलीतून पुढे आला. गालिचे अंथरले. टोपल्या मधे ओतल्या आणि सगळे गोल करून फुलांतून लाल काड्या वेगळ्या करायला बसले, कारण गणती असो नाहीतर पूर, खुडलेलं फूल वाट बघत नाही. शेतात उरलेली फुलं मात्र त्या दिवशी उन्हात उघडली. एक दिवसाचं पीक गेलं. त्याबद्दल पुढे बरीच कुरकुर झाली, पण त्या सकाळी कुणी त्याचं नाव काढलं नाही.

एकेक घर मास्तरांपुढे येऊन बसत होतं. हैबतअमूने शहरातून केशरापुरता आलेला आपला मुलगा हळूच पुढे सरकवला. "हाही लिहा. आमचाच आहे."

"तुमचा आहे, पण गावचा नाही," खाला मागून म्हणाली. "वर्षातून आठ दिवस येतो. भिंतीवर त्याची रेघ नाही."

"खाला, एका माणसाने काय बिघडतं? रस्ता रुंद होईल."

"एकदा कमी लिहिलं गेलं ते माझ्यामुळे. जास्त लिहिलेलं मी चालू देणार नाही."

"कसली भिंत?" मास्तरांनी विचारलं.

तिने त्यांना तंदूरच्या खोलीत नेलं. रबराच्या धुराने भिंत काळवंडली होती, पण खालाने ओल्या ओढणीच्या टोकाने टिपून काढल्यावर खालच्या रेघा दिसू लागल्या. मास्तर कागद आणि भिंत, भिंत आणि कागद असं बराच वेळ पाहत राहिले. सतरा ओळी. चौसष्ट रेघा, त्यांतल्या दोन अर्ध्या. कागदावर सतरा कुटुंबं, चौसष्ट माणसं.

"आणि हा ठिपका?" खालाच्या स्वतःच्या ओळीच्या शेवटी त्यांनी बोट ठेवलं.

"तो थंडीत येणार आहे."

"त्याला धरता येणार नाही, खाला. नियम नाही."

"नका धरू. पण तुम्ही तो बघितलात, एवढं पुरे."

मास्तरांनी मान हलवली. कागदात त्यांनी तो मांडला नाही. निघताना मात्र त्यांनी चालकाला त्या चार किलोमीटरांबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले आणि उत्तरं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली.

रस्ता लगेच आला नाही. माहलकाला खालाने थंडी पडायच्या आधीच तिच्या बहिणीकडे बिरजंदला नेऊन ठेवलं आणि वाटेत तिला गाडीतून उतरू दिलं नाही. खडीचे ट्रक आले तेव्हा ठिपक्याची पुरी रेघ झाली होती. ती मुलगी होती, आणि ती त्या खडीवर चालायला शिकली. म्हणून तिचे गुडघे लहानपणी कायम फुटलेले असायचे.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. मास्तरांकडे प्रत्येक घरासाठी आकड्याची एक लहान पट्टी होती. सोळा घरांच्या दारांवर ठोकून झाल्या. खालाच्या घराशी येऊन ते थांबले.

"ही कशावर ठोकू? चौकटीवर ठोकत नाहीत. दार लागतं."

बरातअली आणि हैबतअमूने मागून फळ्या आणल्या. त्या बसवताना दोघांचं एकमेकांशी तीनदा भांडण झालं आणि एकदा बरातअलीचं बोट चेमटलं. बकरी आत होती, तिला बाहेर काढावं लागलं. मास्तरांनी पट्टी ठोकली, हातोडी पिशवीत टाकली आणि ते निरोप घ्यायला वळले.

"थांबा," खाला म्हणाली. "मश्दी, तुम्ही बाहेर या. सगळे बाहेर या."

सगळ्यांना बाहेर काढून ती एकटी आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आम्ही वाटेवर उभे होतो. मास्तरांनी बरातअलीकडे पाहिलं. बरातअलीने खांदे उडवले आणि दुखऱ्या बोटाने दांडीकडे खूण केली.

मास्तरांनी दांडी वाजवली. धप्प.

आत काही हललं नाही.  मास्तरांनी दुसऱ्यांदा दांडी उचलली, आणि ती खाली यायच्या आत दार उघडलं.

"कोण पाहिजे?" खाला म्हणाली. चेहरा अजून काळाच होता.

"शिरगणती," मास्तर म्हणाले.

"या आत," खाला म्हणाली. "घरी माणसं आहेत. नान मात्र दोन दिवस मिळणार नाहीत."